इंजिनाची नस्ती

एकेचाळिसाव्यांदा दोरी ओढून झाली आणि अंगणात जी शांतता पसरली, तिचे काय करावे हे कोणालाच कळेना. निळ्या पिंपातले पाणी दोनदा हिंदकळून स्थिर झाले. पिंपाच्या काठाला आवळून बसवलेले ते नावेचे इंजिन, पंखा पाण्यात आणि डोके बाहेर अशा अवस्थेत, जबरदस्तीने अंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखे तोंड मिटून राहिले. कुंपणापलीकडे उभे असलेले निवृत्त प्राचार्य आपल्या चष्म्याची काच पुसू लागले. ती आधीच स्वच्छ होती. फ्रिज दुरुस्त करणारा शेजारी पिंपाच्या तळाशी पाहत राहिला, जणू बिघाड तिथे बुडून बसला असावा. पायरीवर बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा द्यायचा तो यशाबद्दल की सांत्वनासाठी, हे ठरेपर्यंत त्यावर साय धरली होती. आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत नाना होते. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचे पान अर्ध्या तासात उलटलेले नव्हते.

"त्यांना म्हणावं," नाना अखेर पायरीवरच्या आपल्या मुलीला म्हणाले, "खांदा निखळेल अशानं."

'ते' म्हणजे तिचा नवरा, जावईबापू. ते नानांपासून सहा फुटांवर उभे होते आणि त्यांना दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येत होते. परंतु लग्नाला बावीस वर्षे झाली तरी नाना त्यांच्याशी थेट बोलत नसत. भांडण असे कधीच झाले नव्हते; भांडणाला निदान दोघांनी एकमेकांकडे तोंड करावे लागते. "त्यांना म्हणावं, पंखा कमी करा." "त्यांना विचार, भाजी वाढू का." मधल्या दुभाष्याचे काम करून करून बायकोला आता वाक्ये अर्ध्यावरच कळत. सासूबाई गेल्यानंतर दोघे नानांच्या या तळ्याकाठच्या घरी राहायला आले, आणि तेव्हापासून साऱ्या वसाहतीने त्यांचे नाव जावईबापू असेच ठेवले. अभिलेख कक्षात सव्वीस वर्षे काढलेल्या, चार सहायकांना धाकात ठेवणाऱ्या मनुष्याला अशी केवळ एका नात्याची ओळख उरावी, ही गोष्ट त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. ती त्यांनी मनातल्या एका कप्प्यात, योग्य त्या क्रमांकाखाली, ठेवून दिली होती.

नानांचे मात्र तळ्याशी थेट बोलणे होते. चौतीस वर्षे रोज सकाळी नावेतून तळ्याच्या मध्यावर जायचे, तिथे रोवलेल्या पातळीच्या खांबावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, ही त्यांची नोकरी. पुढे खात्याने खांबावर आपोआप आकडे कळवणारे यंत्र बसवले, नाना निवृत्त झाले, जुनी नाव आणि तिचे इंजिन त्यांनी लिलावात घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते पुन्हा खांबाकडे निघाले. आकडा आता कोणालाच नको होता. पण पाणी रात्रीतून किती चढले, किती ओसरले, हे त्याने कोणाला तरी सांगितले पाहिजे आणि कोणीतरी ते लिहून घेतले पाहिजे, असे त्यांना वाटत असावे. आठ वाजता ते परत येत, वही खुंटीवर टांगत, आणि मगच त्या घरात सकाळ झाली असे मानण्यात येई.

दोन महिन्यांपूर्वी एके दिवशी ते आठला आले नाहीत. दुपारी एक वाजता आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. "इंजिन गेलं," एवढेच म्हणाले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बसले. तेव्हापासून ते बसलेलेच होते. वही खुंटीवर तशीच. माणूस एखाद्या खुर्चीत रोज थोडा थोडा लहान होत जातो, हे जावईबापूंनी त्या दिवसांत प्रथमच पाहिले. आणि आठवड्याने नौका नोंदणी कार्यालयाची सूचना आली की अमुक तारखेस निरीक्षकांसमोर इंजिन चालवून दाखवावे, अन्यथा नाव नोंदवहीतून कमी होईल आणि धक्क्यावरची नाव बांधायची कडी क्रमांक चौदा दुसऱ्यास देण्यात येईल.

सूचना वाचून नाना म्हणाले, "त्यांना म्हणावं, देऊन टाका कडी."

हे वाक्य ज्या आवाजात आले, तो आवाज जावईबापूंना सहन झाला नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, त्यांच्या मनात एक चित्र उमटले: इंजिन धडधडते आहे, आणि नाना वळून, मधे कोणी नसताना, त्यांच्याकडे पाहत आहेत. गावातला एकमेव इंजिन दुरुस्त करणारा हात मोडून घरी बसला होता. "मी करतो दुरुस्त," जावईबापू म्हणाले. आजवर त्यांनी दुरुस्त केलेली सर्वांत गुंतागुंतीची वस्तू म्हणजे स्टेपलर होती.

कोणत्याही कामाची सुरुवात नस्ती उघडून करावी, हा त्यांचा धर्म. सरकारी कागदांचा गठ्ठा म्हणजे नस्ती. ज्याची नस्ती नाही ते अस्तित्वातच नाही. त्यांनी दोन पुठ्ठे घेतले, वर सुवाच्य अक्षरात 'इंजिन, नावेचे' असे लिहिले आणि बांधायला काही शोधू लागले. तेवढ्यात बायकोने धुण्याच्या ढिगातून एक लाल दोरी आणून समोर टाकली.

"हे घ्या तुमचं. धुण्यात निघालं. सगळीकडे तुमची लाल दोरी!"

यात अन्याय असा नव्हताच. त्या घरात सापडणारी प्रत्येक लाल दोरी आजवर जावईबापूंच्या कार्यालयातली, नस्त्या बांधायचीच निघाली होती. ही मात्र जराशी निराळी होती: गुळगुळीत, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची, एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा चपटा चिमटा. ताणली की लांब होई, सोडली की आपसूक आखडे. चिमटा पुठ्ठ्यावर 'टक्' असा बसे. खरेदी विभागाला सव्वीस वर्षांत एकदा तरी सुबुद्धी झाली, असे मनाशी म्हणत त्यांनी नस्ती बांधली. त्या वेळी नाना चहा पीत होते. कप ओठांपाशी थांबला, पुठ्ठ्यांकडे एकदा पाहून झाले, आणि मग ते चहा न पिताच उठून आत गेले.

इंजिनाबरोबर आलेली माहितीपुस्तिका नानांनी मुलीच्या हाती धाडली. जावईबापूंनी प्रथम तिची पाने मोजली आणि नोंद केली: 'पृष्ठ तीन व चार गहाळ.' गहाळ हा शब्द लिहिला की त्यांचे मन शांत होत असे. गहाळ असणे ही कागदाची एक मान्य अवस्था आहे. तिच्याबद्दल शोक करायचा नसतो, पुढचे पान उलटायचे असते.

मग इंजिन उघडले गेले. प्रत्येक भागाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दिवाणाच्या कडेपर्यंत स्क्रू, वायसर, स्प्रिंगा अशा ओळीने मांडल्या गेल्या की पाहुण्यांना वाटावे, घरात वार्षिक तपासणी चालू आहे. पेट्रोलचा वास पडद्यांत शिरला, उशांत शिरला, भातात शिरला. कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करावा, हा सल्ला फ्रिजवाल्याचा. त्यासाठी हाताला लागेल ते पातेले घेणे, ही चूक जावईबापूंची.

"दुधाचं पातेलं!" बायको दारात उभी राहून म्हणाली. पुढचे चार दिवस चहा काळा होता.

वसाहतीत इंजिनाबद्दल मत नसलेला एकही मनुष्य उरला नाही. प्राचार्य रोज सकाळी कुंपणाशी येत. "आधी तत्त्व समजून घ्या, जावईबापू. इंधन, हवा आणि ठिणगी. या तिघांचं मीलन म्हणजे इंजिन. यातलं कोण रुसलंय, तेवढं शोधायचं." फ्रिजवाल्याला तत्त्वांशी देणेघेणे नव्हते. "साहेब, हे पण शेवटी कॉम्प्रेसरच. दोन थपडा दिल्या की बोलतं." थपडा दिल्या. बोलले नाही. प्लग नवा बसवला, ठिणगी नाही. वायरी बदलल्या, ठिणगी नाही. सोळाव्या दिवशी सुरू करण्याची दोरीच तुटली. तिची मूठ हवेत एक सुंदर कमान काढत गेली आणि तत्त्वांचे विवेचन करीत असलेल्या प्राचार्यांच्या चष्म्यावर जाऊन आदळली. प्राचार्य मोठ्या मनाचे. "गती मिळाली म्हणायची," एवढेच ते म्हणाले. मात्र तेव्हापासून कुंपणापासून दोन पावले मागे उभे राहत. पुन्हा जोडणी झाली तेव्हा एक स्क्रू उरला. जावईबापूंनी तो पाकिटात घातला आणि वर लिहिले, 'अतिरिक्त.'

नाना हे सारे पाहत होते. विचित्र गोष्ट अशी की प्रत्येक अपयशानंतर त्यांचा चेहरा किंचित सैल पडे. जावईबापूंच्या हे ध्यानात आले होते, आणि ते त्यांना फार लागले होते. माझी फजिती पाहून माणसाला बरे वाटावे, इतका का मी परका?

मध्येच एकदा ते मुदतवाढीसाठी नौका नोंदणी कार्यालयात जाऊन आले. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून होता.

"इंजिन चालू स्थितीत असल्याचा फोटो जोडलेला नाही," तो म्हणाला.

"हा काय जोडलाय."

"यात चालू दिसत नाही."

"मग बंद दिसतंय का?"

कारकुनाने फोटो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "तसंही म्हणता येणार नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "साहेबांना विचारावं लागेल. उद्या या."

त्या 'उद्या या'मध्ये जावईबापूंनी स्वतःचा आवाज ओळखला. तोच उतार, शेवटी तीच दयाळू विश्रांती. हे दोन शब्द ऐकून माणसे कुठे जात असतील, हा प्रश्न त्यांना सव्वीस वर्षांत पडला नव्हता. ती बाकावर येऊन बसतात, असे त्या दिवशी त्यांना कळले. भिंतीवर घड्याळ असते आणि ते बंद असते. मांडीवर नस्ती असते. ते बराच वेळ त्या लाल दोरीशी खेळत बसले. ताणायची, सोडायची, ताणायची, सोडायची.

मुदतवाढ मिळाली नाही. आणि म्हणून तारखेच्या आदल्या सकाळी अंगणात ती एकेचाळिसावी दोरी ओढली गेली, आणि ती शांतता पसरली.

"पिंपातलं पाणी ते पिंपातलं," फ्रिजवाला अखेर म्हणाला. "त्याला तळं दिसलं की आठवेल. उद्या सरळ धक्क्यावर न्यायचं."

युक्तिवाद दुबळा होता, पण दुसरा कोणाकडेच नव्हता.

धक्क्यावर दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास अर्धी वसाहत जमली. निरीक्षकबाई ठेंगण्या, उन्हाची टोपी घातलेल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. इंजिन कडी क्रमांक चौदाच्या नावेला मागे बसवले होते. नाना धक्क्याच्या टोकाला, हात पाठीमागे बांधून, तळ्याकडे पाहत उभे होते. जावईबापूंनी दोरी तीनदा ओढली. तळे दिसूनही त्याला काही आठवले नाही.

"कागद बघू," निरीक्षकबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी नस्ती पुढे केली. कागद तरी निर्दोष होते, पृष्ठांकित, सूचीसह. परंतु बाईंनी नस्ती उघडलीच नाही. त्या तिच्या दोरीकडे पाहत होत्या.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"आमच्या कार्यालयात हल्ली नवीन आली आहे," जावईबापू काहीशा अभिमानाने म्हणाले.

"कुठल्या कार्यालयात इंजिनाची सुरक्षादोरी फायलीला बांधतात हो?" बाईंनी दोरी ओढून काढली, नावेत उतरल्या आणि तो चपटा चिमटा इंजिनावरच्या एका तांबड्या बटणाखाली 'टक्' असा बसवला. "फास चालवणाऱ्याच्या मनगटात घालायचा. माणूस पाण्यात पडला की चिमटा निघतो आणि इंजिन बंद पडतं. हा नसेल तर ठिणगीच पडत नाही. पुस्तिकेत तिसऱ्याच पानावर असतं. ओढा आता."

बेचाळिसाव्यांदा की पंचेचाळिसाव्यांदा, याचा हिशेब त्या क्षणी कोणी ठेवला नाही. इंजिन खोकले, एक निळा ढग सोडला आणि धडधडू लागले. धक्क्यावर टाळ्या पडल्या. हसूही फुटले, मोठे, सार्वजनिक, कोणाला आवरावेसे न वाटणारे.

"अहो, म्हणजे दोन महिने औषध बगलेत घेऊन तुम्ही रोगी तपासत होता!" प्राचार्यांनी गुडघ्यावर हात मारला.

"साहेब, आणि मी तीन वेळा वायरी बदलल्या!" फ्रिजवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

या गोंगाटात बायको जावईबापूंच्या जवळ सरकली. "पण अहो," तिचा आवाज गोंधळलेला होता, "ही दोरी तर नानांच्या कोटाच्या खिशात निघाली होती. त्या दिवशीच्या. खुर्चीवर टाकलेल्या कोटाच्या."

जावईबापूंनी धक्क्याच्या टोकाकडे पाहिले. एवढ्या आनंदाच्या आवाजाकडे नाना एकटेच पाठ करून उभे होते. त्यांचे पाठीमागे बांधलेले हात एकमेकांना घट्ट धरून होते, गर्दीत मुलाचा हात धरावा तसे.

कागद लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला क्रम लावायला वेळ लागत नाही. पृष्ठ तीन व चार. ओठांपाशी थांबलेला कप. प्रत्येक अपयशानंतर सैल पडणारा चेहरा. आणि दुपारचा एक. इंजिन खरेच बंद पडले असते तर वल्ही मारून मनुष्य नऊ वाजता घरी आला असता. सहा तास तो मनुष्य तळ्यावर काय करत होता? चौतीस वर्षांच्या ओळखीच्या पाण्यावर तो काय शोधत होता, आणि कोणत्या काठाला उतरून, गुडघाभर पाण्यात उभा राहून, हा आपला नव्हे असे म्हणून परत वळला होता?

"माझीच चूक," जावईबापू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "साफ करताना पहिल्याच दिवशी मीच काढली आणि विसरलो." बायकोने तोंड उघडले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि बावीस वर्षे दोघांच्या मध्ये उभी राहिलेली ती बाई, यातलेही अर्धेच वाक्य ऐकून गप्प झाली.

"ठीक आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आता मालकांनी खांबापर्यंत नेऊन परत आणायचं. मग शिक्का."

नाना वळले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. ते पायऱ्या उतरले, नावेत बसले, फास मनगटात घातला.

"मीही येतो," जावईबापू म्हणाले. त्यांना पोहता येत नव्हते.

"चाचणी मालकाची आहे."

"दुसऱ्या माणसाला मनाई असल्याचा नियम आहे का? असल्यास क्रमांक सांगा, मी नोंद घेतो."

निरीक्षकबाईंनी त्या माणसाकडे नीट पाहिले. आयुष्यात कधीतरी असाच एखादा त्यांच्या वरिष्ठपदी असावा. "जॅकेट घाला," त्या म्हणाल्या.

नाव खांबाच्या दिशेने गेली, ती सरळ. जाताना खांब समोर दिसत असतो, जाणे सोपे. मध्यावर पोचल्यावर नानांनी जुन्या सवयीने चिमटा ओढला, आकडा वाचण्यासाठी. इंजिन थांबले. पाण्यावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि नाव आपल्या जागी सावकाश, जवळजवळ प्रेमाने, गोल फिरली. जेव्हा ती थांबली, तेव्हा काठही सगळे फिरलेले होते. सगळीकडे तीच झाडे, तीच पांढरट घरे, तोच उजेड. नाना एका काठाकडे पाहत होते, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. ज्या पाण्याला त्यांनी चौतीस वर्षे मोजले, ते आता त्यांना मोजत होते.

जावईबापू जॅकेटात अडकून बसले होते. काय बोलावे याचे कुठलेही पान त्यांच्यापाशी नव्हते. आणि नेमक्या काठाकडे बोट दाखवले तर ते बोट नानांना जन्मभर विसरता येणार नाही, एवढे त्यांना कळत होते.

"ती पाण्याची टाकी," ते अखेर, जणू दृश्याचे कौतुक करीत, म्हणाले, "इथून किती वाकडी दिसते नाही? डावीकडची. धक्क्यावरून बघताना कधी लक्षातच आलं नाही, बरोबर डोक्यावर असते म्हणून."

पाणी नावेच्या बुडाशी चुळबुळत राहिले. नाना टाकीकडे पाहत होते. तिच्याखालचा धक्का, धक्क्यावरचे ठिपके, ठिपक्यांतली टोपी, हे सारे एकेक करून त्यांच्या डोळ्यांत परत येताना दिसले. मग त्यांनी मान वळवून खांबाकडे पाहिले.

"बारा मीटर चाळीस," ते म्हणाले. आणि मग थेट, मधे कोणी नसताना, जावईबापूंकडे पाहून: "लिहा."

वही घरी खुंटीवर होती. जावईबापूंनी खिशातले पेन काढले आणि मांडीवरच्या नस्तीच्या पुठ्ठ्यावर, 'इंजिन, नावेचे' याच्या खाली, तो आकडा लिहिला. अक्षर हलले. त्याचा दोष त्यांनी नावेला दिला.

परत आल्यावर शिक्का बसला. कडी क्रमांक चौदा राहिली. दोरी सुटलेल्या नस्तीतून तोवर कागद निसटू लागले होते. सूची एकीकडे, 'अतिरिक्त' लिहिलेले पाकीट दुसरीकडे, आणि चालू की बंद हे न सांगणारा तो फोटो पाण्यावर तरंगत निघाला होता. जावईबापूंनी त्यातले काहीही गोळा केले नाही. प्राचार्य अजून हसत होते. हसू दे.

नाना नावेतून उतरले. मनगटातला फास काढला, लाल दोरी दोन बोटांत धरून क्षणभर पाहिली. खिशाकडे गेलेला हात मधेच थांबला. मग वाकून त्यांनी ती, जावईबापू बसले होते त्या फळीवर, ठेवली.

"नाना," जावईबापू म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. "उद्या किती वाजता निघायचं?"

नाना पायऱ्या चढू लागले. चौथ्या पायरीवर ते थांबले, मान न वळवता. कठड्याला हात लावला, नजर वर करून टाकी पाहून घेतली आणि तिच्या दिशेने चालू लागले.